कॅमेऱ्याच्या बदल्यात अर्धी वीट

मी माझ्या सासऱ्यांचा कॅमेरा ऑनलाइन विकला आणि त्याच्या बदल्यात मला अर्धी वीट मिळाली. वीट चांगली होती. नीट भाजलेली, कडा शाबूत, फक्त मधून तुटलेली. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती माझ्या हुशारीबद्दल.

मी सोलापुरात एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. आकडा जुळला नाही की मला जेवण जात नाही. दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे मला बघून आधी मनात बेरीज करतात आणि मगच तोंड उघडतात. असा माणूस फसत नसतो, अशी माझी समजूत होती. (ही समजूत घरात फक्त माझी एकट्याची होती, हे नंतर कळलं.)

सासऱ्यांचा अक्कलकोटला फोटो स्टुडिओ होता. नवीन लग्न झालेली कितीतरी जोडपी स्वामींचं दर्शन घेऊन आली आणि त्यांच्या कॅमेऱ्यासमोर श्वास रोखून बसून गेली. ते वारल्यावर स्टुडिओ बंद झाला आणि कॅमेरा कपाटात गेला. जर्मन बनावटीचा, रिळाचा, चामड्याच्या पिशवीतला. त्याचे वारस दोन. एक माझी बायको सुनंदा, दुसरा तिचा धाकटा भाऊ मल्लिनाथ, ज्याचं तिथंच खताचं दुकान आहे. फोटो दोघांनाही काढता येत नाही. तेव्हा कॅमेरा विकायचा आणि पैसे निम्मे निम्मे घ्यायचे ठरलं. मल्लिनाथने तर जुन्या वस्तू घेणाऱ्या एकाला तो दाखवूनही आणला.

"चार हजार देतो म्हन्तोय, दाजी. रोख. देऊन टाकू की."

"चार हजार?" मी म्हणालो. "अरे, नुसत्या भिंगाचे त्याच्या दुप्पट येतील. हल्ली पुण्या-मुंबईची पोरं असले कॅमेरे शोधत फिरतात. मी बघितलंय ऑनलाइन. माझ्यावर सोड."

"पर ऑनलाइनमदी लई फसवत्यात म्हनं."

"कोणाला?" मी विचारलं.

मल्लिनाथने माझ्याकडे बघितलं, मग बहिणीकडे बघितलं आणि उरलेला चहा एका घोटात संपवला.

सुनंदा एवढंच म्हणाली, "बाबांची वस्तू आहे. चांगल्या घरी जाऊ दे म्हणजे झालं. आणि काही बरंवाईट झालं तर मल्लूला तोंड तुम्ही दाखवायचं."

मी लगेच अभ्यासाला लागलो. असल्या विक्रीत खरेदीदार कसकसे फसवतात, याची माहिती रोज जेवणानंतर वाचायचो. कोणी म्हणतं वस्तू मिळालीच नाही. कोणी म्हणतं फुटकी मिळाली, आणि स्वतःची फुटकी परत पाठवतं. कोणी म्हणतं खोक्यात दगड निघाला. सगळ्यांवर औषध एकच सांगितलं होतं : पॅकिंग करताना सलग व्हिडिओ काढा, वजन करून दाखवा, पोस्टाची पावती जपून ठेवा. मला वाटलं, हे तर माझ्यासाठीच लिहिलंय.

एका ॲपवर जाहिरात टाकली आणि पुण्याच्या चिरायू नावाच्या तरुणाने साडेसतरा हजारांना कॅमेरा घेतला. तिथली पद्धत अशी की घेणारा पैसे ॲपकडे भरतो, आणि वस्तू बरोबर मिळाल्याचं त्याने कळवलं की मग ते आपल्याला मिळतात. मुलगा मला 'काका' म्हणत होता. शुद्धलेखनही बरं होतं. मी कामावरून अर्धी रजा काढली.

मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून मी व्हिडिओ सुरू केला. "नमस्कार. माझ्या हातात जो कॅमेरा आपण पाहत आहात..." एवढ्यात सुनंदा मागून आली. "अहो, गॅसचा नंबर लावला का?" व्हिडिओ सलग पाहिजे, म्हणून पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या वेळी मी कॅमेऱ्याचा क्रमांक मोठ्याने वाचत असताना कुकरची शिट्टी झाली आणि मधले आकडे गेले. तिसऱ्या वेळी मात्र सगळं सुरळीत झालं. कारखान्यात नापास झालेल्या टॉवेलांत मी कॅमेरा गुंडाळला, खोक्यात ठेवला, खोकं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं आणि बातम्या देतात तशा आवाजात म्हणालो, "वजन एक किलो सहाशे दहा ग्रॅम." मग चिकटपट्टी. इतकी चिकटपट्टी की शेवटी खोकं दिसेना, नुसती पट्टीच दिसायला लागली.

आणि मी आंघोळीला गेलो. (मोठा व्यवहार. पारोशाने कसा करायचा?)

पोस्टात खिडकीवरच्या बाईंनी खोकं काट्यावर ठेवलं. "दोन किलो वीस."

"शक्य नाही," मी म्हणालो. "एक किलो सहाशे दहा आहे."

"कोणाच्या काट्यावर?"

"घरच्या. स्वयंपाकघरातल्या."

"मग स्वयंपाकघरातच पाठवा."

मागची रांग हसली. रांगेतले एक दाढीवाले चाचा म्हणाले, "अजी साब, चारसौ ग्राम के वास्ते सबकू कायकू खडा करे?" मी चारशे दहा असं दुरुस्त करून सांगितलं, जास्तीचे पैसे भरले आणि घरी आलो.

"आपला काटा चारशे दहा ग्रॅम कमी दाखवतो," मी सुनंदाला सांगितलं.

"असेल," ती म्हणाली आणि कढीपत्ता निवडायला लागली. तो ती आधीच निवडून बसली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मी काटा घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने वजनं ठेवून बघितली आणि म्हणाला, काटा बरोबर आहे. मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, आहे. मी म्हणालो, पोस्ट खोटं बोलतं का? शेवटी वैतागून त्याने आतला स्क्रू पिळला आणि मला पाहिजे तसा काटा करून दिला.

पार्सल पुण्याला पोचल्याचा मेसेज आला. मी लगेच मल्लिनाथला फोन केला. "तुझे पावणेनऊ हजार तयार. रविवारी जेवायलाच ये." फोन ठेवतो न ठेवतो तोच ॲपवर चिरायूची तक्रार आली : खोक्यात कॅमेरा नाही. वीट आहे. सोबत फोटो. माझं खोकं, माझा टॉवेल, आणि टॉवेलात गुंडाळलेली अर्धी वीट, बारशाला ठेवल्यासारखी.

खरं सांगतो, मला आनंद झाला. एवढी तयारी केली होती, ती वापरायला तरी मिळाली! मी व्हिडिओ पाठवला, पोस्टाची पावती पाठवली आणि समोरच्याची कीव करत झोपलो.

दुसऱ्या दिवशी ॲपच्या माणसाचा फोन आला. आवाज अतिशय नम्र.

"सर, तुमच्या व्हिडिओत वजन एक किलो सहाशे दहा आहे."

"बरोबर."

"पावतीवर दोन किलो वीस आहे."

"तेही बरोबर."

"म्हणजे व्हिडिओनंतर खोकं उघडून कोणीतरी काहीतरी केलंय, सर."

"कोणी काही केलेलं नाही. आमचा काटा बिघडलेला आहे."

"दुरुस्तीवाल्याने तसं लिहून दिलंय का?"

"नाही. तो म्हणाला, काटा बरोबर आहे."

मी घाईघाईने म्हणालो, "पण आता बिघडलाय. आता येऊन बघा."

निकाल लागला. खरेदीदार वस्तू परत पाठवेल, ती मिळाली की सोमवारी सकाळी त्याचे पैसे त्याला परत जातील. ज्या पुराव्याने चोर पकडायचा, त्याच पुराव्याने मी पकडला गेलो होतो. वजन जर मी केलंच नसतं तर निदान भोळा तरी ठरलो असतो.

शनिवारी वीट आली. मी सही करून ती घेतली.

रविवारी मल्लिनाथ आला. पावणेनऊ हजार ठेवायला नवीन पाकीट घेऊन आला होता. टीपॉयवर वीट बघून म्हणाला, "दाजी, माडी चडवताय व्हय?"

मी सगळं सांगितलं. त्याने नवीन पाकीट खिशात घातलं. मग म्हणाला, "म्हंजी बाबांचा कॅमेराबी गेला आन् चार हजारबी गेलं."

"चार नाही, साडेसतरा गेले."

"तेच की. तुमचं गेल्यालंबी आमच्यापेक्षा जास्तच."

मल्लिनाथने वीट उचलली, हातात तोलली, परत ठेवली. "एक इचारू का दाजी? राग मानू नका. ह्ये चारशे ग्रॅम वाडलं कसं?"

"चारशे दहा."

"व्हय, चारशे धा. कसं वाडलं? न्हाय, मी काय म्हनत न्हाय. ॲपवाला म्हन्तोय. पर बाहेरचा मानूस काय समजंल, की दाजीनंच कॅमेरा काडून..."

"मी? वीट? माझ्याच सासऱ्यांच्या कॅमेऱ्याऐवजी?" माझा आवाज चिरकला. पंचवीस वर्षं मी या घरात पै न् पैचा हिशेब देत आलो, आणि माझाच मेहुणा माझ्या हातात वीट बघत होता! आधाराला म्हणून मी बायकोकडे बघितलं. ती विटेकडे बघत होती.

"चटणी होती," ती म्हणाली.

"कसली चटणी?"

"शेंगांची."

"कशात?"

"डब्यात."

"डबा कशात?"

"खोक्यात," सुनंदा म्हणाली. "तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा खालची पट्टी कापली आणि ठेवला. वर परत पट्टी लावली. एवढ्या पट्ट्यांत काय कळतंय. बाबांची वस्तू परक्याच्या घरी चालली होती. नुसतीच कशी पाठवायची? कडक भाकरीही घालणार होते, पण तुमच्या टॉवेलांनी जागाच ठेवली नाही."

"स्टीलच्या डब्यात घातलीस?"

"मग काय कागदात घालू? तेल सुटतं."

"आणि तो डबा आपल्याला परत कसा मिळणार होता?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी अडाण्यासारखं विचारलं. "झाकणावर माझं नाव आणि नंबर आहे की नेलपॉलिशने. आपल्या सगळ्याच डब्यांवर आहे. दुसऱ्याचा डबा कोण ठेवून घेतं का?"

"मग तू त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही काटा घेऊन निघाला होतात. म्हटलं, एवढ्या हौसेने निघालाय तर जाऊ दे. आणि नंतर ती वीट आली. नंतर सांगायचं धाडस होईना."

मी ताबडतोब ॲपला लिहिलं : जास्तीचं वजन हे शेंगदाणा चटणी व स्टीलचा डबा यांचं असून ते माझ्या पत्नीने मला न सांगता ठेवले होते. पाच मिनिटांत उत्तर आलं. वर्णनात नसलेली वस्तू पाठवल्याचं मी स्वतःच मान्य केल्याबद्दल त्यांनी माझे आभार मानले होते.

"दाजी," मल्लिनाथ म्हणाला, "आता तुमी काय लिवू नका."

आम्ही जेवायला बसलो. सुनंदाने वाढलं, पण स्वतः घास घेईना. "साडेसतरा नाही, चार हजारही नकोत मला," ती एकदम म्हणाली. "पण बाबा तो कॅमेरा आम्हाला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत. आणि आता तो असल्या माणसाकडे." मल्लिनाथने मान खाली घातली. मी आयुष्यात पहिल्यांदा आकड्याशिवाय विचार करायचा प्रयत्न केला, पण काही सुचलं नाही.

तेवढ्यात सुनंदाचा मोबाईल वाजला. मी नंबर बघितला आणि फोन कापला. "अनोळखी आहे. उचलायचा नाही. अशीच फसवणूक होते." परत वाजला. परत कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मल्लिनाथने डाव्या हाताने फोन उचलून स्पीकरवर टाकला. "कोन?"

"सुनंदाताई आहेत का?" एका बाईंचा आवाज आला. "मी पुण्याहून बोलतेय. तुमचा डबा माझ्याकडे आहे."

मी उठून उभा राहिलो. आमटीची वाटी कलंडली.

"दोनदा लावला, पण लागत नव्हता," बाई म्हणाल्या. "चिरायूने कॅमेरा मागवला होता ना तुमच्याकडून, त्याबरोबर चटणी आलेली. डबा पाठवायचाय, पत्ता दे, म्हणून रोज त्याच्या मागे लागलेय, तर म्हणतो राहू दे गं. असा कसा राहू देणार? शेवटी झाकणावरचा नंबर बघून लावला. आणि रिकामा कसा पाठवू, म्हणून बेसनाचे लाडू केलेत."

"अगं बाई, कशाला एवढं?" माझी बायको म्हणाली.

"चटणी काय सुंदर झाली होती हो. लसूण भाजून घेता का?"

"छे, कच्चाच. पण खलबत्त्यात कुटायची. मिक्सरला लावली की पीठ होतं."

मी तिला खुणा करायला लागलो. कॅमेरा! कॅमेऱ्याचं विचार! खरकटा हात डोळ्याशी नेऊन बोटाने खटका दाबून दाखवला. मल्लिनाथला वाटलं मी फोटो काढायचं म्हणतोय. त्याने कॉलर नीट केली. सुनंदाने मला हाताने थांबवलं आणि तिखट कोणत्या मिरचीचं ते सविस्तर सांगितलं. मग दिलेल्या मुलीची चौकशी करावी तशा आवाजात विचारलं, "आणि कॅमेरा कसा आहे?"

"अगदी सुरेख. चिरायू तर उशाशी घेऊन झोपतो."

मल्लिनाथचा घास तोंडाजवळ थांबला.

"ताई," सुनंदा म्हणाली, "तुमच्या चिरायूने आम्हाला कळवलंय, की खोक्यात वीट निघाली."

"कसली वीट?"

"अर्धी."

बाईंनी विचारलं, "चटणीच्या डब्यात?"

"नाही. कॅमेऱ्याच्या जागी. पैसे परत मागितलेत त्याने. उद्या सकाळी मिळतील त्याला."

मग बाई हळूच म्हणाल्या, "आमच्या खाली कंपाउंडचं काम चाललंय." हे त्या आम्हाला सांगत होत्या की स्वतःला, कळेना. पुढचं मात्र आम्हाला नव्हतं. "चिरायू. इकडे ये."

चपला फरफटत आल्याचा आवाज. "कोण आहे?"

"सोलापूरच्या सुनंदाताई. बोल."

"आई, आधी फोन ठेव."

"ठेवत नाही. बोल."

मी आठवडाभर मनात एक भाषण तयार करून ठेवलं होतं. त्यात तीन कलमं होती आणि पोलिसांचा उल्लेख होता. मी फोनकडे हात नेला. सुनंदाने फोन दुसऱ्या बाजूला सरकवला.

"चिरायू, चटणी खाल्लीस का?"

"...हो, काकू."

"कशाबरोबर?"

"भाताबरोबर. आणि ब्रेडबरोबर."

"ब्रेडबरोबर," सुनंदा म्हणाली. विटेपेक्षा तिला हे जास्त लागलं असावं. "बरं. मग आता काय करायचं?"

"तक्रार मागे घेतो."

"कधी?"

"आत्ता. सॉरी, काकू. काकांनाही सॉरी सांगा."

"सांगते. आईला दे."

आईला फोन मिळाला, आणि त्या माऊलीला रडू आवरेना. माझी बायको तिचीच समजूत काढत बसली. पोरं अशी करतात, तुम्ही जेवून घ्या, लाडूत वेलची घातली का, वगैरे. एवढ्यात माझ्या मोबाईलवर मेसेज आला : खरेदीदाराला वस्तू योग्य स्थितीत मिळाली. त्याखाली, खरेदीदाराला किती तारे द्याल, असं विचारलं होतं. मी एक दिला. सुनंदाने पुढे होऊन दुसरा दाबला. म्हणाली, तो त्याच्या आईचा.

पैसे आले. मल्लिनाथचे पावणेनऊ हजार त्याच्या नव्या पाकिटात गेले. लाडवांचा डबाही आला. तो उघडायच्या आधी मी सवयीने मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवायला गेलो, तर मल्लिनाथ म्हणाला, "दाजी, लाडू हायती. खावा."

महिन्याभराने तो पुन्हा आला. स्टुडिओच्या माळ्यावर त्याला बाबांचा जुना फ्लॅश आणि लांब पल्ल्याचं एक भिंग सापडलं होतं. "ह्येबी लावू की ऑनलाइन."

मला हायसं वाटलं. म्हणजे अजून विश्वास आहे. मी उठून टॉवेल आणले, चिकटपट्टी आणली.

"तुमी बसा, दाजी," मल्लिनाथ म्हणाला. "बांदायचं अक्का बगंल. किमतीचं बोलनंबी अक्काच करंल."

"मग मी काय करू?"

बहीणभावांनी एकमेकांकडे बघितलं. प्रश्न त्यांनाही अवघड गेला असावा.

"पत्ता लिवा की," मल्लिनाथ म्हणाला. "अक्षर चांगलं हाय तुमचं."

मी पत्ता लिहिला. पिनकोड सुनंदाने तपासून घेतला.